पिकअपला जादा कूलिंग बसवायचंय: हौस म्हणा, खाज म्हणा

पाना_तेरा | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

बारा वर्षं जुनी डिझेल पिकअप आहे, ऑटोमॅटिक. सुट्टी मिळाली की मागे ट्रेलर अडकवायचा आणि निघायचं, एवढाच माझा उद्योग. ट्रेलर धरून एकूण वजन साडेतीन टनांच्या आसपास. सपाटीला गाडी गुणी बाळासारखी चालते, तापमानाचा काटा बरोब्बर मध्यावर. पण लांबलचक चढ लागला की दहाएक मिनिटांत काटा उठतो आणि पाऊण घरापर्यंत जाऊन बसतो. उकळली अशी कधीच नाही. पण हल्ली चढाला मी रस्ता कमी आणि काटा जास्त बघतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाला ते आवडत नाही.

म्हणून ठरवलंय, जादा कूलिंग बसवायचं. गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर (आणून ठेवलाय), ग्रिलच्या मागे एक इलेक्ट्रिक पंखा (तोही आणलाय), जमलं तर इंजिन ऑइललाही कूलर, आणि अगदीच अंगात आलं तर बॉनेटला झरोके. गॅरेजला टाकायची नाहीये. पाने, सॉकेट, ड्रिल सगळं आहे, वेळही आहे. हात काळे करण्यातच मजा आहे.

कोणी केलंय का? आधी काय बसवू? फसायला कुठे होतं?

घाटवळण | शनिवार, रात्री १०:३०

पहिला! काहीच माहीत नाही, पण माझ्या गाडीचं दुखणं हुबेहूब हेच, म्हणून जागा धरून ठेवतो.

जुनाखोड | शनिवार, रात्री १०:४१

एवढा खटाटोप कशाला? थर्मोस्टॅट, ती पाण्याची वाट उघड-बंद करणारी झडप, काढून फेका. पाणी मोकळं फिरलं की गाडी गार. आम्ही आयुष्यभर हेच केलं. माझ्या गाडीत गेली कित्येक वर्षं थर्मोस्टॅट नाही, काही बिघडलं नाही.

वंगणबाई | शनिवार, रात्री ११:०५

जुनाखोड काका, तुमचा मान राखून सांगते, हा सल्ला नका देऊ हो.

बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची उघडली की खालची बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं कुलंट रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅट काढला की ही वाट कायमची सताड उघडी. पाण्याला सोपी वाट दिसली की ते तिकडेच जाणार. मग निम्मं कुलंट रेडिएटरचं तोंड न बघताच परत इंजिनात. म्हणजे ज्या चढासाठी काढला, त्याच चढाला गाडी जास्त तापते. आणि एरवी थंड हवेत सपाटीला इंजिन हव्या त्या तापमानाला पोचतच नाही. डिझेल पितं, धूर सोडतं, ऑइल खराब करतं.

थर्मोस्टॅट हा दारवान आहे. दारवान काढला म्हणून घर मोठं होत नाही. एकदा तो पूर्ण उघडला की त्यापुढे गाडी किती तापते हे रेडिएटर आणि हवेवर ठरतं, थर्मोस्टॅटवर नाही.

जुनाखोड | शनिवार, रात्री ११:१२

पुस्तकी गोष्टी आहेत या.

वंगणबाई | शनिवार, रात्री ११:१५

माझी नखं बघितली असती तर पुस्तकी म्हणाला नसतात :)

फ्यूज_उडाला | रविवार, सकाळी ७:५०

पंख्याबद्दल दोन शब्द, पोळलेल्या माणसाकडून.

मीही असाच पंखा ग्रिलमागे लावला. दोन वायरी, एक लाल एक काळी, त्यात काय मोठंसं. पंखा फिरला, भरपूर आवाज झाला, मी खूष. पुढचे दोन महिने गाडी आधीपेक्षा जास्त गरम. रेडिएटर धुतला, कुलंट बदललं, झाकण बदललं. शेवटी एका मित्राने सहज वहीचा कागद ग्रिलसमोर धरला. पंखा बरोबर असता तर कागद जाळीला चिकटला असता. तो फडफडत माझ्या तोंडावर आला. वायरी उलट! इंजिनचा पंखा हवा आत ओढतोय, माझा पंखा तीच बाहेर फेकतोय, आणि दोघांच्या रस्सीखेचीत रेडिएटर बिचारा मध्ये उभा.

वायरिंगचं म्हणाल तर असा पंखा ३० अँपिअर सहज खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट नेऊ नका, स्विच वितळतो. रिले (जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच) लावा, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, तार ६ चौरस मिलीमीटरची, आणि अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या पत्र्याला. सदस्यनाम काही उगाच घेतलेलं नाही.

घाटवळण | रविवार, सकाळी ८:२०

कागदाचं वाचून फुटलो.

थंडा_मामला | रविवार, सकाळी ९:०५

पाना_तेरा, बसवाबसवीच्या आधी एक साधा प्रश्न. गाडी फक्त हळू चढाला तापते, की वेगात, सपाट रस्त्यालाही?

हळू असताना तापली तर पंख्याकडे बघायचं. वेगात तापली तर पंख्याला दोष देऊ नका, तेव्हा समोरचा वाराच पुरेसा असतो. मग रेडिएटर किंवा हवेची वाट यांत घोटाळा. दोन्हीकडे तापली तर रेडिएटरची जाळी तुंबलेली असायची शक्यता मोठी.

आणि उत्तर द्यायच्या आधी काट्यावर विसंबू नका. आताच्या गाड्यांतला काटा मुद्दाम बधिर केलेला असतो. ८० पासून शंभरच्या पुढेपर्यंत तो मध्यावर निवांत बसून राहतो, म्हणजे गिऱ्हाईक घाबरत नाही. ओबीडीच्या, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटला छोटा रीडर लावा, फोनवर खरा आकडा बघा.

अपूर्णांक | रविवार, सकाळी १०:३३

आकडेमोड केल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून घ्या.

वजन ३५०० किलो, चढ ७ टक्के, वेग ताशी ४० किमी. नुसतं वजन वर न्यायला साधारण २७ किलोवॅट लागतात. टायरचं घर्षण वगैरे धरून चाकांवर ३२-३३. ढोबळ हिशेब असा, की जळलेल्या डिझेलच्या उष्णतेचे तीन वाटे होतात: एक कामाला, एक सायलेन्सरमधून बाहेर, एक कुलंटमार्फत रेडिएटरला. (डिझेल इंजिनात कामाचा वाटा जरा मोठा असतो, पण आपल्याला कुठे परीक्षेला बसायचंय.) म्हणजे रेडिएटरला ३० किलोवॅट धरा. पाणी तापवायच्या दीड किलोवॅटच्या वीस कांड्या रेडिएटरमध्ये सोडून ठेवल्यात असं समजा.

एवढी उष्णता उचलायची आणि हवा ३० अंशांनी तापू द्यायची, तर दर सेकंदाला जवळजवळ एक घनमीटर हवा जाळीतून गेली पाहिजे. ताशी ४० ला समोरून येणारा वारा बेताचाच. चढाला भिस्त पंख्यावर, हे थंडा_मामला यांचं म्हणणं बरोबर.

आता गिअरबॉक्स. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लॉक झालेला नसेल तर त्यातली सगळी घसरण तेलात उष्णता बनून उतरते. दहा टक्के धरली तरी तीन किलोवॅट, म्हणजे आणखी दोन कांड्या. हे तेल बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्याच टाकीतल्या नळीतून गार होतं. म्हणजे हा भारही त्याच रेडिएटरच्या डोक्यावर.

उचापती | रविवार, सकाळी ११:१०

हिशेब वाचून एक भन्नाट कल्पना सुचली. रेडिएटरवर पाण्याचा फवारा! ट्रेलरला २० लिटरचा कॅन, काच धुवायच्या पाण्याचा असतो तसा छोटा पंप, समोर बारीक नोझल. चढ आला की बटण दाबायचं. शिवाय बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वायसर घालून बॉनेट बोटभर उचलून ठेवायचं, गरम हवा तिथून बाहेर. खर्च जवळपास शून्य.

अपूर्णांक | रविवार, दुपारी १२:०२

फवाऱ्याला हसू नका, त्यात दम आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला २२५७ किलोज्यूल लागतात. मिनिटाला एक लिटर, आणि सगळ्याची वाफ झाली, तर ३७ किलोवॅट! म्हणजे वरच्या सगळ्या कांड्या विझल्या. पण 'सगळ्याची वाफ झाली' हा 'तर' फार मोठा आहे, निम्मं पाणी नुसतं ओघळून रस्त्यावर जाईल. आणि २० लिटर वीस मिनिटांत संपतं.

वंगणबाई | रविवार, दुपारी १२:४०

आणि पाण्यातले क्षार जाळीवर बसतात. गरम तव्यावर पाणी उडवून बघा, पांढरा डाग राहतो ना, तोच. रोज फवारलं तर वर्षाच्या आत जाळीवर पांढरी पुटं चढतील आणि मग फवारा नसताना गाडी आधीपेक्षा जास्त तापेल. डिस्टिल्ड वॉटर वापरणार असाल तर गोष्ट वेगळी, पण वीस-वीस लिटर कोण नेणार?

बॉनेट मागून उचलायचं मात्र डोक्यातून काढा. उभ्या गाडीत त्या फटीतून गरम हवा जाते, दिसते, म्हणून लोकांना खरं वाटतं. पण गाडी धावायला लागली की काचेच्या पायथ्याशी हवा आपटून दाब वाढतो. केबिनमध्ये ताजी हवा घ्यायची जाळी कंपन्या तिथेच ठेवतात, ती याच कारणाने. म्हणजे त्या फटीतून हवा बाहेर जायच्या ऐवजी आत शिरते आणि रेडिएटरमागे दाब वाढवून बसते. झरोके पाडायचेच तर बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे. आणि ते पाडल्यावर पाऊस थेट कशावर पडणार तेही बघून घ्या.

उचापती | रविवार, दुपारी १:०५

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (वायसर काढायला चाललोय.)

मूकवाचक | रविवार, दुपारी ३:२७

सात वर्षांत पहिला प्रतिसाद. राहवलं नाही.

माझीही पिकअप चढाला तापायची. रेडिएटर बाहेरून धुवून लख्ख. मागून टॉर्च मारला तर दिसायला ठीक. शेवटी कंटाळून एका सकाळी वरच्या पट्टीचे बोल्ट काढले आणि रेडिएटर चार बोटं मागे झुकवला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली जी बोटभर फट असते ना, त्यात एक गादी होती. गादीच. गवताचं बी, धूळ, पतंगांचे पंख, कापसासारखं काहीतरी, सगळं मिळून नमद्यासारखा अखंड थर झालेला. एका कोपऱ्यात चिमटीत धरून ओढला तर वितभर तुकडा सलग निघून आला. त्यावर रेडिएटरच्या फिन्सचा, म्हणजे पातळ पत्र्यांचा, ठसा उठलेला होता, अगदी जाळीसारखा.

पुढून धुवायचो तेव्हा मी तो थर आणखी आत दाबत होतो. धुवायचं ते इंजिनच्या बाजूने पुढे, आणि कमी दाबाने. जोराच्या पाण्याने फिन्स आडव्या होतात, मग त्या कंगव्याने उभ्या करत बसा.

जादा काही बसवलं नाही. चढाला नऊ अंश उतरले.

घाटवळण | रविवार, दुपारी ३:४०

मूकवाचक, सात वर्षं कुठे होतात हो! वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

पाना_तेरा | मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. रीडर आणला, काल ट्रेलर लावून फिरून आलो. आकडे असे:

हळू चढ, ताशी ४०: कुलंट १०७. काटा पाऊण घरावर.
सपाट मोठा रस्ता, ताशी ९०: कुलंट १०३. काटा बरोब्बर मध्यावर!
ट्रेलरशिवाय, ताशी ९०: ९८.
गिअरबॉक्सचं तेल चढाच्या माथ्यावर: १२१.

म्हणजे सपाटीला सगळं ठीक हे माझं म्हणणं चुकीचं होतं. काट्याने फसवलं. १०७ म्हणजे उकळीच्याही वर गेलो ना? हात थोडे थरथरतायत.

वंगणबाई | मंगळवार, रात्री ९:३८

घाबरू नका. साधं पाणी उघड्यावर १०० ला उकळतं. निम्मं कुलंट निम्मं पाणी असेल तर १०६-१०७. पण तुमची यंत्रणा बंद आहे, झाकण साधारण एका बारचा दाब धरतं, त्या दाबाखाली तेच मिश्रण १२५ च्या पुढे उकळतं. म्हणून झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर नवं झाकण हे सगळ्यात स्वस्त जादा कूलिंग. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडून 'बघू तरी' म्हणायचं नाही. दाब सुटला की आतलं सगळं त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

माझी काळजी कुलंटची नाही, गिअरबॉक्सची आहे. १२१ जास्त आहे. ८०-९५ हे त्या तेलाचं सुखाचं घर. जुना ठोकताळा असा की त्यापुढे दर दहा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं. डिपस्टिक काढून वास घ्या. करपट येतोय का, रंग तपकिरी झालाय का?

पाना_तेरा | मंगळवार, रात्री ९:५२

लाल होतं, आता विटकरी म्हणता येईल. वास करपट नाही.

थंडा_मामला | मंगळवार, रात्री १०:१०

सपाटीला, ताशी ९० ला १०३ म्हणजे हवेची वाट. मूकवाचकांची गादी आहे का ते बघाच, पण गाडीच्या तोंडाचा एक फोटो टाका. जमिनीलगत बसून काढलेला.

पाना_तेरा | बुधवार, सकाळी ७:३०

[फोटो]

थंडा_मामला | बुधवार, सकाळी ८:०२

बंपरखालचा प्लास्टिकचा पडदा कुठेय? आणि रेडिएटरच्या दोन्ही कडांना स्पंजच्या पट्ट्या असतात, डावीकडची दिसत नाही.

पाना_तेरा | बुधवार, सकाळी ८:२०

पडदा... तो मीच काढला. दोन वर्षांपूर्वी. उतारावरून गाडी आत घेताना जमिनीला घासायचा, आवाज यायचा, म्हणून सहा स्क्रू काढले आणि माळ्यावर टाकला. मला वाटलं शोभेचा असतो. स्पंज बहुतेक ग्रिलमागे दिवे बसवताना काढला, तो कुठे गेला देव जाणे.

जुनाखोड | बुधवार, सकाळी ८:३१

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! कूलर आणला, पंखा आणला, आणि पडदा माळ्यावर.

(हघ्या, म्हणजे हलकेच घ्या. आम्हीही तेच केलं असतं.)

थंडा_मामला | बुधवार, सकाळी ९:१५

शोभेचा नाही तो. वेगात गाडीखाली घुसणारी हवा तो अडवतो, त्यामुळे त्याच्या मागे, इंजिनखाली, दाब कमी होतो. रेडिएटरमधून आलेली गरम हवा त्या कमी दाबाकडे ओढली जाते. पडदा नसला की खालची हवा इंजिनच्या खोलीत भरते आणि पुढून येणाऱ्या हवेला म्हणते, जागा नाही, पुढच्या दाराने जा. स्पंजचंही तेच. हवा आळशी असते, जाळीतून घुसण्यापेक्षा कडेच्या फटीतून वळसा घालते.

पण चढाचं दुखणं याने जाणार नाही. ताशी ४० ला पडद्याचा फारसा उपयोग नसतो. तिथे पंखा, तुंबलेली जाळी आणि गिअरबॉक्सची उष्णता. इंजिन बंद असताना, गरम असतानाच, पंखा हाताने फिरवून बघा. अडून, जड फिरायला हवा. भिंगरीसारखा फिरला तर त्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाला की पंख्याला इंजिनशी घट्ट जोडणारा भाग) गेला.

अपूर्णांक | बुधवार, सकाळी १०:४०

मग आणलेला कूलर बसवायचा की नाही? माझी शंका आहे. तो रेडिएटरच्या पुढे लावला तर गिअर ऑइलची उष्णता हवेत टाकणार आणि तीच तापलेली हवा रेडिएटरला मिळणार. उष्णता गेली कुठे? एका खिशातून दुसऱ्या खिशात.

वंगणबाई | बुधवार, सकाळी ११:०५

अर्धं बरोबर. कुलंटला फायदा थोडाच होईल. पण तेलाला भरपूर होईल. कुलंटमध्ये बुडालेल्या नळीतून तेल त्या कुलंटपेक्षा गार होऊच शकत नाही ना! हवेवरचा कूलर त्याला आणखी खाली नेतो. त्याला करायचंय तेलाचं काम, कुलंटचं नाही. आणि लावताना रेडिएटरच्या मधोमध न लावता खाली कोपऱ्यात लावला की तुमचा खिसाही सांभाळला जातो.

क्रम: गिअरबॉक्समधून निघालेलं तेल आधी रेडिएटरच्या टाकीत, मग नव्या कूलरमध्ये, मग परत. परतीची नळी कुठली ते ओळखायला, गाडी पूर्ण गार असताना चालू करा आणि दोन्ही नळ्यांवर हात ठेवा. आधी कोमट होते ती जाणारी.

फ्यूज_उडाला | बुधवार, दुपारी १२:३०

इथे माझं वेगळं मत. रेडिएटरची टाकी पूर्ण वगळा, फक्त नवा कूलर. माझ्या मागच्या गाडीत टाकीतली नळी आतून फुटली, कुलंट गिअरबॉक्समध्ये गेलं. तेल दुधाळ गुलाबी झालं आणि पंधरा दिवसांत गिअरबॉक्स बाद. ती जोखीमच नको.

वंगणबाई | बुधवार, दुपारी १:१०

तुमचं दुःख कळतं, आणि रेडिएटर खूप जुना असेल तर मीही वगळीन. पण टाकी फक्त गार करत नाही, गार सकाळी तेल लवकर गरमही करते. थंड तेलात गिअर उशिरा पडतात, कन्व्हर्टर लॉक व्हायला वेळ लागतो. बारा वर्षांचा रेडिएटर आहे, कौल पाना_तेरा यांनीच द्यावा.

उचापती | बुधवार, दुपारी १:४५

कूलरबरोबर ते प्लास्टिकचे पट्टे येतात ना, जाळीतून आरपार घालून ओढायचे? सोपं पडतं.

मूकवाचक | बुधवार, दुपारी २:२०

दुसरा प्रतिसाद! ते पट्टे वापरू नका. कूलर थरथरतो, पट्टा करवतीसारखा रेडिएटरच्या नळीवर घासत राहतो, आणि एके दिवशी हिरवं पाणी. पत्र्याच्या दोन पट्ट्या वाकवून, रेडिएटरच्या चौकटीला बोल्टने.

घाटवळण | बुधवार, दुपारी २:२५

मूकवाचक आता थांबायचे नाहीत.

पाना_तेरा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:४०

उशीर झाला, पण कामाला लागलो होतो.

पहिला रविवार: रेडिएटर झुकवला. गादी होती! मूकवाचकांइतकी देखणी नाही, खालच्या तिसऱ्या भागातच, पण होती. मागून धुतली. व्हिस्कस पंखा तपासला, गरम असताना जड फिरतो, ठीक आहे. माळ्यावरून पडदा काढला, त्यात कोळ्याने संसार थाटला होता. पाच स्क्रू मिळाले, सहावा दुसराच लावला. कडेला नवा स्पंज.

फक्त एवढ्यावर, कूलर न लावता, मुद्दाम फिरून आलो. सपाट ९० ला १०३ चे ९४. चढाला १०७ चे १०१. गिअरबॉक्स चढाला ११६.

दुसरा रविवार: कूलर. खाली उजव्या कोपऱ्यात, पत्र्याच्या पट्ट्यांवर. क्रम वंगणबाईंचा, टाकी ठेवली. पण फ्यूज_उडाला यांचं वाचून झोप उडाली होती, म्हणून पुढच्या वर्षी रेडिएटरच नवा घालणार. गिअर ऑइलचाच पाइप वापरला, प्रत्येक टोकाला दोन क्लिपा. तरी पहिल्यांदा एका जोडातून थेंब आला, कारण नळीच्या टोकाला मी कंगोरा काढला नव्हता, गुळगुळीत नळीवरून पाइप सरकत होता. परत काढला. अंगभर तेल. तेलही बदललं, गरम करून पातळी बघितली तेव्हा पाव लिटर कमी भरलं, तेवढं कूलरने पिऊन घेतलं.

आता चढाला गिअरबॉक्स ९९, कुलंट १००. अपूर्णांक म्हणाले तसं, कुलंटला एका अंशाचाच फरक. आणि एक गिअर खाली ठेवून चढलो की कन्व्हर्टर लॉक राहतो, मग ९५ लाच थांबतो. हे आधी कोणी सांगितलं नाहीत!

वंगणबाई | रविवार, रात्री ८:५५

सांगायचं राहिलं, खरंय. झकास काम.

उचापती | रविवार, रात्री ९:०१

आणि पंखा? झरोके?

पाना_तेरा | रविवार, रात्री ९:१०

पंखा खोक्यातच आहे. समोर लावला तर वेगात हवेला तोच आडवा येणार, आता पटलं. झरोक्यांसाठी बॉनेटवर पेन्सिलीने चौकोन आखून ठेवलेत. गरज नाहीये. पण चौकोन छान दिसतायत.

घाटवळण | रविवार, रात्री ९:१८

माझ्या गाडीखाली आत्ता टॉर्च घेऊन जाऊन आलो. पडदा आहे, पण मधोमध फुटबॉल जाईल एवढं भोक.

जुनाखोड | रविवार, रात्री १०:४४

वंगणबाई, एक विचारायचं होतं. थर्मोस्टॅट घ्यायचा झाला तर किती अंशांचा घ्यावा? एका मित्राला हवाय.

वंगणबाई | रविवार, रात्री १०:५०

मित्राला सांगा, मूळचा जितक्याचा होता तितक्याचाच. जुन्या थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, तो बघून घ्या म्हणावं. गॅस्केट नवं लागेल.

जुनाखोड | रविवार, रात्री १०:५३

जुना कुठला आता. पंधरा वर्षांपूर्वीच फेकला हो त्याने.